दुसऱ्याचा कागद वाचणारी माणसे

बँकेच्या नोकरीतली साडेतीन वर्षे मी मुळशी तालुक्यातल्या एका शाखेत काढली. नव्वदच्या दशकाचा तो आरंभ होता. पौड रस्त्यावरची भूगाव, पिरंगुट ही तेव्हा अजून गावेच होती. पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे भरलेली असत, आणि ताम्हिणीकडून येणारी एसटी इतकी गळकी असे की आत बसलेले प्रवासीही छत्र्या उघडत. पण जमिनींना भाव येऊ लागला होता. ज्या खात्यांत वर्षानुवर्षे पाचशेच्या वर शिल्लक गेली नव्हती, त्यांत एकदम चाळीस हजारांचा चेक जमा होई आणि चौथ्या महिन्यात खाते पुन्हा पहिल्यासारखे होई. लेजर वाचता येत असेल तर अशा एका पानावर अख्खी कादंबरी असते. मी पुढे लिहू लागलो त्याचे मूळ बहुधा तिथेच आहे.

अशाच एका सोमवारी, ऐन गर्दीच्या वेळी, धरणाकडच्या एका गावातला म्हातारा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्याने घडी घातलेला स्टँपपेपर काढला.

"सायेब, येवढं वाचून सांगता का? म्या आंगठा दिलाय, पन काय लिवलंय ते कुनी नीट सांगंना."

मी वरचा मथळा पाहिला आणि कागद परत दिला. तो बँकेचा कागद नव्हता. रांगेत वीस माणसे होती. "बाबा, हे आमचं काम नाही, तहसील कचेरीत दाखवा," असे सांगून मी पुढचे पासबुक हातात घेतले. माझे वागणे नियमाला धरून होते. नियमाला धरून वागलेल्या गोष्टीच पुढे जास्त टोचतात, हे कळायला निवृत्त व्हावे लागते.

अर्ध्या तासाने चहासाठी बाहेर आलो, तर म्हातारा पायरीवर बसलेला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन तरुण. एक दाढीवाला मुलगा आणि एक मुलगी, दोघांच्या खांद्याला शबनम. मुलगी कागद मोठ्याने वाचत होती. एक वाक्य वाचायची, थांबायची, त्याचा अर्थ साध्या बोलीत सांगायची आणि मग त्यालाच विचारायची, "काय समजलं, बाबा?" त्याने आपल्या शब्दांत सांगितल्याखेरीज पुढचे वाक्य नाही. दोन पानांना पाऊण तास लागला. ते कुलमुखत्यारपत्र होते. मोजणीचा अर्ज आहे असे सांगून अंगठा घेतलेला, आणि प्रत्यक्षात त्याच्या अडीच एकरांची विक्री, गहाण, ताबा, सगळ्याचा अधिकार कोणा तिऱ्हाइताच्या हाती गेलेला.

त्या दोघांनी आरडाओरडा केला नाही. मुलाने पिशवीतून फूलस्केप कागद काढला, मुखत्यारपत्र रद्द केल्याच्या नोटिशीचा मसुदा तिथेच लिहिला, आणि दुपारी पौडच्या पोस्टातून तो रजिस्टरने, पोचपावतीसह रवाना झाला. पुढे वकील, दुय्यम निबंधक, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस असे सगळे रीतसर झाले. माझी बदली होईपर्यंत तरी सातबाऱ्यावर नाव म्हाताऱ्याचेच होते.

ही दोघे पुण्यातल्या एका लहानशा संस्थेत काम करत होती. काम म्हणजे काय, हे मला पुढच्या वर्षी कळले, तेही बँकेच्या फॉर्ममुळे. ती मुलगी लूनासाठी कर्ज मागायला आली. अर्जात 'व्यवसाय' नावाचा रकाना असतो. शेती, धंदा, सरकारी नोकरी, खासगी नोकरी, इतर. "तुमचं काय लिहू?" मी विचारले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "लिहा, लोकांचे कागद वाचते." मी 'इतर' वर खूण केली. वरच्या कार्यालयाकडून अपेक्षेप्रमाणे पृच्छा आली: अर्जदाराचे नेमके काम काय, आणि त्याचा पगार कोण देते? पहिल्या प्रश्नाला मी 'सामाजिक संशोधन' असे उत्तर लिहून सुटका करून घेतली. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर सोपे नव्हते. संस्थेला कुठून कुठून देणग्या येत, त्या आल्या की पगार होई. हप्ते मात्र एकही चुकला नाही. एरवी ज्यांची बॅलन्सशीट सोन्यासारखी होती त्यांच्याविषयी मला असे म्हणता येणार नाही.

वाचकहो, आपल्याकडे समाजसेवा म्हटले की डोळ्यांपुढे आश्रम येतो, दवाखाना येतो, अनाथ मुले येतात. आंदोलन म्हटले की मोर्चा आणि तुरुंग येतो. या दोहोंच्या मधे एक तिसरी जात आहे, तिचे चित्र आपल्या मनात नाही. सरकारचा अर्थसंकल्प, कंपनीचा करार, पालिकेचा विकास आराखडा, तलाठ्याचा फेरफार घेऊन बसणारी, आकडे ताडून पाहणारी, आणि मग ज्याच्या आयुष्यावर त्या कागदाचा परिणाम होणार आहे त्याला तो समजावून सांगणारी ही माणसे. तिचे घराणे मात्र जुने आहे, आणि ते पुण्याचेच आहे.

२ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी या वकिलाला लोक 'सार्वजनिक काका' म्हणू लागले ते याच सभेमुळे. सभेची सुरुवात पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या गाऱ्हाण्यातून झाली. मला तिच्या घटनेतली एक अट फार आवडते. सभासद व्हायचे तर किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा लागे. 'आमच्या वतीने बोलण्याचा अधिकार आम्ही यांना दिला आहे' असा तो कागद. आरंभीच्या ९५ सभासदांनी मिळून सुमारे सहा हजार लोकांचे असे मुखत्यारनामे आणले होते. निवडणूक म्हणजे काय हे या देशाला ठाऊक नव्हते त्या काळातली ही गोष्ट. मुळशीतल्या त्या म्हाताऱ्याच्या हातातही मुखत्यारपत्रच होते. एकाच शब्दाची ही दोन टोके.

सभेने नुसते अर्ज केले नाहीत. १८७२-७३ मध्ये शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी उपसमिती नेमली. १८७६-७७ च्या दुष्काळात तिची माणसे जिल्ह्याजिल्ह्यांतून पिकांची, जनावरांची, मजुरीची माहिती गोळा करत होती आणि ती सरकारकडे पाठवली जात होती. यामागचा मेंदू न्यायमूर्ती रानड्यांचा. १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले, ते सीताराम हरी चिपळूणकर सांभाळत. खेड्यातून आकडे आणणारी जी माणसे होती त्यांची नावे फारशी कोणाला ठाऊक नाहीत. या घराण्याची ही एक रीतच आहे.

त्याच काळात, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि तो गावोगाव पसरला. शेतकऱ्यांचा राग होता सावकारांवर, पण माणसे मारण्यापेक्षा त्यांना घाई होती ती कर्जरोखे आणि गहाणखते हस्तगत करून जाळण्याची. ज्या कागदात काय आहे ते वाचता येत नाही, पण ज्याच्यामुळे जमीन जाते, तो कागदच शत्रू. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सरकारने कायदा केला. रोख्यावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता मूळ व्यवहाराचा तपास करण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला, आणि शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा अशी तरतूद झाली. म्हणजे कोणीतरी कागद वाचून दाखवला पाहिजे, हे सरकारलाही पटले होते. पटायला चार जिल्ह्यांतला असंतोष लागला, एवढेच.

मुळशी खोऱ्याची पाळी यानंतर चाळीस वर्षांनी आली. टाटांच्या वीज कंपनीने नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे ठरवले. पाणी डोंगराच्या पश्चिमेला, कोकणात भिऱ्याला सोडायचे आणि त्यावर तयार झालेली वीज मुंबईला द्यायची, अशी योजना. जमीन रीतसर ताब्यात येण्याच्या आधीच चाचणीचे चर खणले जाऊ लागले तेव्हा मावळ्यांना कळले की आपण बुडणार आहोत. बावन्न गावांचा प्रश्न होता. विनायकराव भुस्कुटे गावोगाव फिरून लोकांना जमवत होते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रही धरणाच्या जागी जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. गांधीजींनी 'यंग इंडिया'त त्याची दखल घेतली. तीन वर्षे ही झुंज चालली, आणि १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली.

शाळेत हा लढा तुरुंग आणि त्यागाची गोष्ट म्हणून सांगितला जातो, आणि ती आहेच. पण पुणे विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी त्याच्यावर जे पुस्तक लिहिले ते वाचताना मी एका ठिकाणी थांबलो. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी कागदावर पुण्यातल्या सावकार-जमीनदारांच्या नावे होत्या. मावळे त्या कसत होते. आरंभी दोघेही विरोधात होते, पण भरघोस मोबदल्याची भाषा सुरू झाली तेव्हा जमीनदारांचा विरोध मावळला. मोबदला मिळणार होता कागद ज्याच्या नावाचा त्याला. कसणाऱ्याच्या वाट्याला काय येणार, हा प्रश्न पुण्यातल्या दिवाणखान्यांत मागे पडला. बँकेत शेतीकर्जाच्या फायली हाताळलेल्या माणसाला हे नवे वाटायला नको होते, तरी वाटले. घोषणा देणारे हजारो होते, तुरुंगात जायला शेकडो तयार होते. पण कोणाच्या नावाने किती एकर, कोणाचे कर्ज किती, कसणारे कोण, हे गावागावाचे कोष्टक मांडून 'मोबदला कुळालाही हवा' असे अडून बसणारी एखादी कचेरी तिथे असती तर? इतिहासाला 'जर-तर' विचारू नये म्हणतात. कादंबरीकाराने विचारायला हरकत नसावी.

अशी कचेरी कशी चालते ते पाहायचे तर पुन्हा नव्वदच्या दशकात यावे लागते, आणि पुन्हा विजेकडेच. १९९३ च्या डिसेंबरात राज्य वीज मंडळाने गुहागर तालुक्यातल्या दाभोळ प्रकल्पासाठी एन्रॉनच्या कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. तेव्हाच्या गदारोळाची आठवण ज्येष्ठ वाचकांना असेल. कोणी स्वदेशीच्या नावाने ओरडत होते, कोणी प्रगतीच्या नावाने. करार मात्र गोपनीय. पुण्यात १९९४ मध्ये स्थापन झालेल्या 'प्रयास' या संस्थेच्या ऊर्जा गटातल्या मूठभर तरुण अभियंत्यांनी ओरडण्याऐवजी हिशेब मांडला. गिरीश संत हे त्यांच्यातले प्रमुख. मुंबईच्या आयआयटीत शिकलेला हा माणूस कुठेही मोठ्या पगारावर जाऊ शकला असता. त्यांनी वाचले ते असे: वीज घ्या अथवा घेऊ नका, संच तयार असले की स्थिर आकार द्यावाच लागेल, आणि देण्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. रुपया घसरला की बिल वाढणार. कर्जखतातली बारीक अक्षरातली कलमे ज्याने कधी ऋणकोला समजावून सांगितली असतील (किंवा सांगायची टाळली असतील) त्याला यातले मर्म चटकन कळेल. प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला. मंडळाला त्याची बिले झेपेनात, २००१ मध्ये वीज घेणे थांबले, आणि त्याच वर्षाअखेर अमेरिकेत एन्रॉनचेच दिवाळे निघाले. सरकारने नेमलेल्या माधव गोडबोले समितीनेही त्या कराराची चिरफाड केली.

मला मात्र याहून मोठे वाटते ते त्यांचे दुसरे काम, ज्याच्यावर कोणी अग्रलेख लिहीत नाही. शेतीपंपांना मीटर नव्हते. पंप किती वीज खातात याचा मंडळ अंदाज करी. एकूण विजेतून बाकीच्यांची वजा करून उरलेली बरीचशी शेतकऱ्याच्या माथी. बँकेत आमच्याकडे सस्पेन्स खाते असते. जी रक्कम कुठेच जुळत नाही ती तात्पुरती तिथे टाकायची. मंडळाने शेतकऱ्याचे सस्पेन्स खाते करून ठेवले होते. चोरीची वीज, गळतीची वीज, सगळी तिथे जमा. १९९९ मध्ये राज्यात वीज नियामक आयोग आला, दरवाढीवर जाहीर सुनावण्या होऊ लागल्या, आणि तिथे 'प्रयास'च्या मंडळींनी पंपांची अश्वशक्ती, चालण्याचे तास, पिकांचे हंगाम मांडून हा अंदाज जुळत नसल्याचे दाखवले. जी गळती अठरा टक्क्यांच्या आत सांगितली जात होती ती तीस टक्क्यांच्या वर निघाली. 'शेतकरी फुकटची वीज उधळतो' असे शहरातल्या चहाच्या टेबलावर आपण सगळेच म्हणत होतो. मीही म्हणत होतो.

गिरीश संत २०१२ मध्ये गेले, पन्नाशीसुद्धा न गाठता.

या कामाची रोजची बाजू अगदी नीरस आहे. कारकुनाच्या दाराबाहेर बसणे, नक्कल मिळवणे, झेरॉक्स काढणे, एकाच योजनेचे तीन खात्यांनी दिलेले तीन आकडे समोर ठेवून खरा कोणता ते शोधणे. २००५ च्या माहिती अधिकाराने, आणि त्याच्याही आधी महाराष्ट्राच्या २००२ च्या कायद्याने, दारे उघडली हे खरे. पण दारातून बाहेर येतो तो गठ्ठा, उत्तर नव्हे. गठ्ठा कोणीतरी वाचायचा असतो. शिवाय एक चूक परवडत नाही. आमच्या वेळी दिवसाअखेर दहा पैशांचा फरक राहिला तर रात्री दहापर्यंत शाखा उघडी राही. तोच शाप यांना आहे. मंत्र्याने दहा चुकीचे आकडे दिले तर ते भाषण ठरते. यांचा एक चुकला की अहवालच केराच्या टोपलीत.

आणि घरी? 'मुलगा काय करतो?' 'संस्थेत असतो.' 'ते झालं, पण पोटापाण्यासाठी काय करतो?' हा संवाद मी पुण्यातल्या कितीतरी बैठकींत ऐकला आहे. १९०५ मध्ये गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला तेव्हा संस्था देईल त्या निर्वाहावर समाधान मानण्याची शपथ सभासदांना घ्यावी लागे. शपथेवर घर चालवण्याचे दिवस गेले. आज कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, पण तो पैसा शाळेच्या स्वच्छतागृहाला मिळतो, झाडांना मिळतो. सरकारी कागद वाचायला कोण देणार? फोटोत काय दाखवायचे? माझ्या ओळखीची तिघे-चौघे चाळिशीच्या आत हे काम सोडून गेली. एकाने मुलीच्या प्रवेशासाठी सोडले, एकाने वडिलांच्या आजारपणात. त्यांना दोष देण्याचा अधिकार पेन्शन घेणाऱ्या माणसाला नाही.

माझे जावई एक आक्षेप घेतात, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. "बाबा, यांना निवडून कोणी दिलं? आमदाराला निदान मतं पडतात." खरे आहे. सार्वजनिक सभेच्या सभासदाकडे पन्नास सह्या तरी होत्या. वीज आयोगापुढे ग्राहकांच्या वतीने कोणी बोलावे हे आयोग ठरवू शकतो, अशी सोय २००३ च्या वीज कायद्यात आहे. इतर ठिकाणी तेवढेही नाही. शिवाय या मंडळींचे अहवाल बहुधा इंग्रजीत असतात, ज्यांच्याविषयी आहेत त्यांना ते वाचताच येत नाहीत. हा दोष मी त्यांच्या तोंडावर सांगितला आहे. पण जावयांना मी एवढेच म्हणतो की सह्या असणाऱ्यांतही सरदार-इनामदार पुष्कळ होते, आणि मुळशीत ज्यांच्याकडे कागद होता तेच आधी बाजूला झाले. त्या मुलीकडे कोणाची सही नव्हती. तिने पाऊण तास दिला, आणि म्हाताऱ्याला कळल्याशिवाय पान उलटले नाही. मुखत्यारी मिळवण्याची तीही एक रीत असावी.

१८९४ चा भूसंपादन कायदा, ज्याच्या छायेत मुळशी बुडाली, २०१३ च्या अखेरपर्यंत चालू होता. त्याच्या जागी आलेल्या कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घेताना, ज्यांची जमीन जाते अशा बाधित कुटुंबांपैकी ऐंशी टक्क्यांची पूर्वसंमती लागते, आणि बाधित कुटुंबांच्या व्याख्येत, संमतीसाठी नसले तरी, कूळ आणि मजूरही धरले आहेत. १९२१ मध्ये हे कलम असते तर, असे पुन्हा मनात येते. पण संमती म्हणजेही अंगठाच.

गेल्या श्रावणात पौडला गेलो होतो. भूगावपासून इमारतींच्या रांगा, खाचरे शोधावी लागतात. कचेरीबाहेरच्या झाडाखाली एक पंचविशीची मुलगी दोन बायकांना घेऊन बसली होती, मांडीवर लॅपटॉप आणि शेजारी कागदांचा ढीग. माझे पाय आपोआप तिथे रेंगाळले. बोलता बोलता मी बँकेत होतो हे निघाले.

"काका, मग हे जरा बघता?" तिने एक गहाणखत पुढे केले. "सहाव्या पानावरचं व्याजाचं कलम. मला वाटतं तसंच आहे का ते सांगा. यांना चार वाजता आत बोलावलंय."

साडेतीन झाले होते. माझी परतीची गाडी पावणेचारची होती. मी चष्मा काढला, पारावर बसलो आणि तिला म्हटले, सहावे नको, पहिल्यापासून वाचू. आणि या ताईंना ऐकू येईल असे, मोठ्याने.